सॉमरसेटची गढूळ सायडर: कुठे शोधावी, कशी प्यावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी ब्रिस्टलला आलात. सुपरमार्केटमधली सायडर, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं मद्य, नुसती गोड लागली. कुणी सांगितलं म्हणून ‘क्लाउडी’, म्हणजे गढूळ, असं लिहिलेली बाटली आणली, तीही तशीच निघाली. मग एका पबमध्ये ‘ही खरी, पिंपातली’ म्हणून दिली, ती इतकी आंबट होती की अर्धा पाइंट (पाइंट म्हणजे साधारण 568 मिलिलिटर) टेबलावर सोडून उठलात. लोक जिच्याबद्दल एवढं भरभरून बोलतात ती पारंपरिक गढूळ सायडर नक्की असते कशी, आणि मिळते कुठे?

मी बरीच वर्षं ब्रिस्टलजवळच्या सॉमरसेट परगण्यात राहतो. दर शरदात एका लहानशा शेतावर सफरचंदं दळायला आणि रस गाळायला जातो, आणि आसपासच्या गावांतल्या स्पर्धांमध्ये चव घेणाऱ्यांच्या टेबलावरही बसतो. तुम्ही ज्या दोन टोकांना जाऊन आलात, तिथेच बहुतेक लोक अडकतात आणि सायडर सोडून देतात. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण चांगली सायडर तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

आधी गढूळपणाचं बघू. रस आंबत असताना यीस्ट त्यात तरंगत असतं. सफरचंदातलं पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारं द्रव्य, असतं, आणि तुरट द्रव्यं म्हणजे टॅनिन प्रथिनांशी जुळून धूसरपणा आणतात. गाळणी लावली नाही की हे सगळं पेल्यात दिसतं. म्हणजे गढूळपणावरून एवढंच कळतं की ही गाळलेली नाही. आत किती रस आहे, कुठल्या सफरचंदाचा आहे, किती दिवस मुरला आहे, यातलं काहीही त्यावरून कळत नाही. मुद्दाम गढूळ ठेवलेली कारखान्यातली सायडर बाजारात भरपूर आहे. उलट एखाद्या शेतावरचं ओकचं पिंप जूनपर्यंत हललं नाही, तर साका तळाला बसतो आणि वरची सायडर आपोआप जवळजवळ नितळ होते. तीही तितकीच खरी. त्यामुळे पेला उजेडात धरून पारख करू नका. रसाची चौकशी करा.

चौकशी करायला हवी, कारण ब्रिटनमध्ये सायडर म्हणून विकायला कायद्याने फक्त 35 टक्के सफरचंदाचा रस पुरतो, आणि तोही आटवलेल्या रसात पाणी घालून केलेला चालतो. बाकीचं पाणी आणि साखर. तुम्हाला सुपरमार्केटमध्ये जे मिळालं त्याचं रहस्य एवढंच. ‘कॅमरा’ ही इथली पारंपरिक बियर-सायडरसाठी झटणारी ग्राहक संघटना. आटवलेला रस न वापरता, ताज्या दाबून काढलेल्या सफरचंदांच्या पूर्ण रसापासून आंबवलेली असेल तरच ती सायडर खरी, असं ती मानते. लेबलवर किंवा काउंटरवर तुम्हाला हेच शोधायचं आहे: पूर्ण रस, ताजा रस.

दुसरी गोष्ट सफरचंदाची, आणि सगळी मजा तिथेच आहे. आपण खातो त्या सफरचंदात गोडी आणि आंबटपणा असतो, तुरटपणा फारसा नसतो. सायडरची सफरचंदं खाण्यासाठी नसतातच. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते, तशी यातली काही फळं एका चाव्यात तोंड कोरडं करतात. ब्रिस्टलजवळच लाँग ॲश्टन इथे 1903 मध्ये फळं आणि सायडर यांच्या अभ्यासाची संस्था सुरू झाली. तिथे बी. टी. पी. बार्कर यांनी सायडरच्या सफरचंदांचे चार गट पाडले, ते आजही चालतात. टॅनिन 0.2 टक्क्यांहून जास्त असेल तर फळ कडू-तुरट. आम्ल 0.45 टक्क्यांहून जास्त असेल तर आंबट. दोन्ही कमी असेल तर नुसतं गोड, दोन्ही जास्त असेल तर तुरट-आंबट. सॉमरसेटची ओळख असलेला गट म्हणजे यातला कडू-तुरट, इंग्रजीत ‘बिटरस्वीट’: टॅनिन जास्त, आम्ल कमी.

या फळांची नावं लक्षात ठेवा, कारण शेतावर त्यांच्याच भाषेत बोलणं होतं. डॅबिनेट हे मिडल लॅम्ब्रुक गावात सापडलेलं फळ. मऊ, भरदार आणि भरवशाचं. यार्लिंग्टन मिल हे त्याच नावाच्या गावातल्या गिरणीच्या भिंतीतून उगवलेल्या रोपाचं, असं इथे सांगतात. त्याच्या सायडरला लवंगेच्या जवळ जाणारा वास येऊ शकतो. किंग्स्टन ब्लॅक टाँटनजवळच्या किंग्स्टन सेंट मेरीचं. हे तुरट-आंबट गटातलं, आणि एकट्याने पूर्ण सायडर देऊ शकणाऱ्या मोजक्या फळांपैकी एक. बाकी बहुतेकांना जोडीदार लागतो, म्हणून जुन्या बागेत एका जातीची झाडं क्वचितच दिसतात. हॅरी मास्टर्स जर्सी, स्टोक रेड, टॉम पट, ब्राउन स्नाउट ही नावं कानावर पडली तर थांबा आणि पुढचा प्रश्न विचारा. विकणाऱ्याला स्वतःच्या सफरचंदांची नावं सांगता येत असतील, तर तुम्ही बहुधा योग्य दारात उभे आहात.

केंट, ससेक्स, नॉरफॉक, सफक या पूर्वेकडच्या भागांत मात्र खाण्याची आणि स्वयंपाकाची सफरचंदं वापरण्याची रीत आहे. ती सायडर हलकी, आंबट, पांढऱ्या वाइनकडे झुकणारी असते. ती वाईट नसते, पण सॉमरसेटच्या अपेक्षेने प्यायलात तर फसाल.

आता काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे आंबटपणाचा उलगडा होईल. फळं सप्टेंबर ते डिसेंबर झाडाखाली पडतात, तिथून गोळा होतात. काही दिवस ढीग करून मऊ पडू देतात. मग यंत्रात दळून लगदा करतात. हा लगदा कापडाच्या घड्यांत, आणि जुन्या पद्धतीत गव्हाच्या काडांत बांधून थरावर थर रचतात. या चवडीला इथे चक्क चीज म्हणतात. चवड दाबाखाली जाण्याआधीच स्वतःच्या वजनाने रस सुटायला लागतो. निघताना तो फिकट असतो आणि बघता बघता तांबूस होतो. हवेने झालेला हा बदल टॅनिन थोडं मवाळ करतो, म्हणून कुणी घाई करत नाही. मग रस पिंपात. पारंपरिक शेतावर विकतचं यीस्ट घालत नाहीत. फळावर, कापडावर, दाबयंत्राच्या लाकडावर जे असतं तेच काम सुरू करतं. थंडी असल्यामुळे आंबणं सावकाश चालतं, कधी कधी फेब्रुवारीपर्यंत. साखर जवळजवळ सगळी संपते आणि साडेसहा-सात टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार होतं.

खरा बदल त्यानंतर येतो. वसंतात हवा तापली की पिंपातले जिवाणू सफरचंदाच्या तीव्र मॅलिक आम्लाचं मवाळ लॅक्टिक आम्ल करतात. पिंप पुन्हा जरा बुडबुडतं. जानेवारीत जी सायडर दात आंबवते, तीच मेमध्ये गोलाईदार होते. म्हणून माझा पक्का सल्ला: पारंपरिक सायडर मे ते सप्टेंबरमध्ये शोधा. डिसेंबरात कुणी ‘यंदाची नवी’ म्हणून दिली तर चाखा जरूर, पण तिच्यावरून मत बनवू नका.

तुमच्या त्या अर्ध्या पाइंटाचं काय झालं असावं? आंबट सायडर तीन कारणांनी आंबट असते. ती फार कोवळी असेल, किंवा पूर्वेकडच्या आंबट फळांची असेल, किंवा तिचं व्हिनेगर व्हायला लागलं असेल. पहिल्या दोन प्रकारांत आंबटपणा जिभेच्या कडांना जाणवतो आणि तोंडाला पाणी सुटतं. व्हिनेगर मात्र आधी नाकाला झोंबतं, मग घशात जळतं. पबमध्ये हे बहुधा अर्ध्या रिकाम्या भांड्यामुळे होतं. हवा आत गेली की ॲसेटिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंना रान मोकळं. ही चव म्हणजे ‘पारंपरिक’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो बिघाड आहे, आणि पेला परत करायला लाजायचं कारण नाही.

दुसरा दोष ओळखायला अवघड. इथे त्याला ‘माउस’ म्हणतात. वास घेतला तर काही कळत नाही. घोट गिळल्यावर काही क्षणांनी घशाच्या मागून उंदराच्या पिंजऱ्यासारखा वास वर येतो आणि जाता जात नाही. कारण असं की ही द्रव्यं आंबट सायडरमध्ये दबलेली असतात आणि लाळेने आम्ल कमी झालं की मोकळी होतात. काहींना हा दोष जाणवतच नाही, त्यामुळे विकणारा खोटं बोलतोय असं समजू नका. स्पर्धेच्या टेबलावर आम्ही गिळल्यावर मुद्दाम थांबतो तो यासाठीच. तुम्हीही पहिल्या घोटानंतर थोडं थांबा आणि मगच घरी न्यायचा कॅन भरायला सांगा. सायडर तेलकट, दोरीसारखी ओतली जात असेल तर तोही जिवाणूंचा खेळ. अपायकारक नसतो, पण प्यायला नको वाटतं.

याच्या उलट, थोडा चामड्याचा, धुराचा, लवंगेचा, गोठ्याकडे जाणारा वास बिटरस्वीट सायडरमध्ये अपेक्षित असतो. पहिल्यांदा दचकायला होतं. दोन-चार घोट धीर धरा. तो वास मागे सरतो आणि फळ पुढे येतं.

शेतावर जायचं तर कुठे? वेडमोरजवळ मडग्ली इथे लँड्स एंड फार्मवर विल्किन्स कुटुंबाची सायडर मिळते. कोठारात पिंपं, एक ड्राय (गोडी नसलेली), एक स्वीट, आणि मीडियम हवी असेल तर दोन्ही पेल्यातच मिसळून देतात. हे गावठी वाटलं तरी अगदी योग्य आहे. पूर्ण आंबलेली सायडर ड्रायच असते, आणि बऱ्याच शेतांवर स्वीट म्हणजे तिच्यातच गोडी घातलेली असते. म्हणून आधी ड्राय चाखा. मग तुमच्या जिभेला झेपेल तेवढी स्वीट तीत घालून घ्या. ज्यांना कोरडेपणा जड जातो त्यांनी निम्मी-निम्मी घेतली तरी काही बिघडत नाही.

किंग्सबरी एपिस्कोपीजवळ बरो हिल सायडर आहे. त्याच घराने 1989 मध्ये परवाना मिळवून सायडरपासून ब्रँडी गाळायला सुरुवात केली. तिथल्या बागेवरच्या टेकडीवरून आजूबाजूचा सखल प्रदेश दिसतो, तेवढ्यासाठीही जा. स्ट्रीट गावात हेक्स, डाउलिश वेकला पेरीज, टाँटनच्या बाजूला ब्रॅडफर्ड-ऑन-टोनला शेपीज. शेपीज मोठे आणि नीटनेटके आहेत. घरचे वयस्क किंवा मुलं बरोबर असतील तर तिथे सोयीचं पडतं. जायच्या आधी उघडं आहे का ते पाहून घ्या, कारण लहान शेतांचे दिवस कापणीप्रमाणे बदलतात. वर्षाला 70 हेक्टोलिटर, म्हणजे 7,000 लिटरपर्यंत करणाऱ्यांना 1976 पासून करमाफी आहे. त्यामुळे पाटी नसलेली, दोन-चार पिंपांची ठिकाणंही या भागात टिकून आहेत. ती गावच्या पबमध्ये बसून विचारल्याशिवाय सापडत नाहीत.

कोठारात गेल्यावर वागायचं कसं, हेही बरेच जण विचारतात. घाई दाखवू नका. ‘सध्या कुठलं पिंप चांगलं चाललंय?’ हा सगळ्यात चांगला प्रश्न. पुढचे दोन: ‘सफरचंदं कुठली?’ आणि ‘कधी दाबलेली?’ चवीपुरती मिळते ती चवीपुरतीच घ्या, आणि आवडली तर दोन लिटर का होईना विकत घ्या. या लोकांचं पोट त्यावर आहे.

ब्रिस्टल शहरातच राहून शोधायचं तर झुलत्या पुलाजवळचा कोरोनेशन टॅप जुना आणि नावाजलेला. तिथली ‘एक्झिबिशन’ नावाची सायडर फक्त अर्ध्या पाइंटातच देतात, आणि प्यायल्यावर का ते कळतं. बंदराच्या बाजूला ऑर्चर्ड इन आहे, वेल्श बॅकला बोटीवर थाटलेलं ॲपल आहे. मात्र कुठल्याही पबमध्ये वायूच्या दाबाने येणारा थंडगार नळ सोडा आणि मागच्या फळीवरच्या खोक्यांकडे किंवा पिंपांकडे बघा. ‘हे कधी उघडलंत?’ असं विचारा. खोक्यात पिशवी असते, ती रिकामी होताना आवळत जाते आणि हवा आत जात नाही, म्हणून खोक्यातली सायडर बरेच दिवस टिकते. लाकडी पिंपातली दिसायला देखणी, पण ज्या पबमध्ये ती झपाट्याने संपते तिथेच घ्यावी. डेव्हनला गेलात तर न्यूटन ॲबटचा जुना सायडर बार आणि वुस्टरशरमध्ये डेफर्डचं ‘मंकी हाउस’ चुकवू नका.

‘जितकी रांगडी तितकी अस्सल’ ही समजूत मला अजिबात पटत नाही. शेतमजुरांना मजुरीचा भाग म्हणून सायडर द्यायची पद्धत इथे होती, ती 1887 च्या कायद्याने बंद झाली. त्या रोजच्या सायडरमध्ये कधी कधी चोथ्यात पाणी घालून पुन्हा दाबलेला पातळ रस असे. गरिबाच्या वाट्याला आलेलं ते पेय म्हणजेच परंपरा नव्हे. सतराव्या शतकात हेरफर्डशरमध्ये लॉर्ड स्कुडामोर यांच्या नावाशी जोडलेल्या रेडस्ट्रीक सफरचंदाची सायडर उत्तम वाइनच्या बरोबरीने मानली जात होती. आणि जुनं ते सगळं निर्मळ होतं असंही नाही. डेव्हनमध्ये लोकांना होणाऱ्या भयंकर पोटदुखीचं कारण सायडरच्या यंत्रांत वापरलेलं शिसं आहे, हे जॉर्ज बेकर या डॉक्टरांनी 1767 मध्ये दाखवून दिलं. काळजीपूर्वक, स्वच्छ पिंपात केलेली सायडर हीच मला परंपरेची खरी वारस वाटते. हेरफर्डशरमधले ऑलिव्हर्स, रॉस-ऑन-वाय आणि लिटल पोमोना हे जाड काचेच्या बाटल्यांत अशी सायडर भरतात. शेतावर जाणं जमत नसेल तर तिथून सुरुवात करा. मेअखेरीस सॉमरसेटमधल्या शेप्टन मॅलेटला रॉयल बाथ अँड वेस्ट शो हे शेतकी प्रदर्शन भरतं. तिथे देशभरच्या सायडरची स्पर्धा असते आणि एका छताखाली खूप काही चाखता येतं.

पिण्याबद्दल थोडंच. बर्फ नको. तळघराइतकी गार, दहा ते चौदा अंश सेल्सिअस पुरे. फार गार केली की वास बसतो आणि नुसता तुरटपणा उरतो. अर्धाच पाइंट घ्या. हिच्यात फेस आणि वायू जवळजवळ नसल्यामुळे ती भराभर जाते, आणि साडेसहा टक्क्यांच्या पूर्ण पाइंटात पावणेचार युनिटच्या जवळपास अल्कोहोल असतं (एक युनिट म्हणजे 10 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल). इथल्या आरोग्यसेवेचा सल्ला आठवड्याला 14 युनिटांच्या वर न जाण्याचा आहे. मडग्लीसारख्या ठिकाणी गाडीशिवाय जाणं कठीण, तेव्हा न पिणारा एक जण बरोबर हवाच.

सोबत खायला गावचं चेडर, तेही जुनं, चुरचुरीत. आपल्या घरचं म्हणाल तर लोण्याचा गोळा ठेवलेलं थालीपीठ किंवा तव्यावर परतलेला बांगडा. टॅनिन तेलकटपणा छान कापतं. झणझणीत रश्शाबरोबर मात्र नको. तिखट आणि तुरट एकत्र आले की दोन्ही बोचतात.

शाकाहारी असाल तर एक माहिती उपयोगी पडेल. नितळ सायडर करताना जिलेटिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरण्याची पद्धत आहे. न गाळलेल्या, आपोआप बसू दिलेल्या सायडरला त्याची गरज नसते. तरीही विचारून घ्या. इथे कुणी त्याचं वाईट मानत नाही.

घरी आणलेला प्लास्टिकचा कॅन तोंडापर्यंत भरून घ्या, गार जागी ठेवा आणि उघडल्यावर दोन-तीन दिवसांत संपवा. उन्हात तापलेल्या गाडीत तो घट्ट बंद करून ठेवू नका. सायडर जिवंत असते, आत वायू साठून कॅन फुगतो. पार्टीसाठी हवी असेल तर दहा लिटरचं खोकं मागा. पुण्याला भावासाठी न्यायची असेल, असंही तुम्ही लिहिलंय. त्यासाठी कॅन नेऊ नका. वर सांगितलेल्यांपैकी कुणाच्याही 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या घ्या. भारतात करमुक्त नेता येणाऱ्या दोन लिटरांत त्या बसतात. सामानात कपड्यांत गुंडाळून उभ्या ठेवा, आणि तिथे पोहोचल्यावर साका बसायला एक दिवस फ्रिजमध्ये उभ्या राहू द्या. ओतताना तळाचा शेवटचा भाग वेगळ्या पेल्यात घ्या. भावाला आधी वरची नितळ द्या, मग तळाची गढूळ. दोन्ही त्याच सायडरच्या आहेत, आणि कुठली जास्त आवडते ते त्याला ठरवू दे.